ओपन स्पेसमधली रानफुलं: खानदेशातल्या शहरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये मधमाश्या-फुलपाखरांसाठी रानफुलांचा वाफा करू या, असं म्हटलं की पहिल्याच बैठकीत प्रश्नांची सरबत्ती होते. जळगाव असो, धुळे असो की भुसावळ, प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरं खानदेशच्या उन्हापावसाला धरून आहेत. पुण्या-मुंबईचं वेळापत्रक आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही.

रानफुलं म्हणजे नेमकी कोणती? आम्ही तर त्याला तण म्हणतो.

तीच. पहिल्या पावसानंतर कुणी न लावता उगवतात आणि भाद्रपदात फुलतात ती: कुर्डू, टाकळा, तेरडा, आघाडा, माका, पिवळी तिळवण, विष्णुक्रांता, रानतुळस, केना. शेतकऱ्याच्या कपाशीत ती तणच आहेत आणि त्यानं ती निंदून काढलीच पाहिजेत. कॉलनीच्या मोकळ्या जागेत मात्र तिथे दुसरं कुठलं पीक उभं नसतं, मग त्यांना तण कशाला म्हणायचं? गंमत बघा, जुलैत आपण आघाडा, माका आणि रुई उपटून कचऱ्यात टाकतो आणि गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी तीच पत्री बाजारातून पैसे देऊन आणतो.

चहूकडे शेतं आहेत. मग शहरात मधमाश्यांसाठी वेगळी सोय कशाला?

शेतं आहेत, पण कोणती? केळीला फळ धरायला परागीभवन लागतच नाही, म्हणून तर आपल्या केळ्यात बी नसतं. कापूस बहुतांश स्वतःच्याच परागावर चालतो. मधमाशी तिथे येते, पण मैलोन्‌मैल एकच पीक आणि त्यावर फवारण्या, अशा ठिकाणी तिचं वर्ष निघत नाही. पूर्वी बांधावर बोर, निंब, बाभूळ, तरवड असायचं. बांधच अरुंद झाले, कुठे नांगराखाली गेले.

शहरात उलट आहे. जागा तुकड्या-तुकड्यांत असते, पण फुलांचे प्रकार जास्त आणि पिकावरची फवारणी कमी. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल, रेडिंग, लीड्स आणि एडिंबरा या चार शहरांतला मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरांच्या बागा आणि लोकांनी वाटून घेतलेले भाजीपाल्याचे वाफे परागवाहक कीटकांसाठी शहरातल्या सर्वांत चांगल्या जागा ठरल्या. आपली हवा वेगळी, फुलं वेगळी. पण लोकांनी हाताळलेली छोटी जागा उपयोगी पडते, हे तिथल्याइतकंच इथेही लागू व्हायला हरकत नाही.

मधमाश्या म्हणजे मधाच्याच ना?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण अर्धा गैरसमज इथेच आहे.

मध साठवणाऱ्या माश्या आपल्याला माहीत असतात: उंच इमारतीला किंवा पाण्याच्या टाकीला लटकणारं आग्या मोहोळ, पोकळीत राहणारी सातेरी, झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी, आणि डंख नसलेली इवलीशी पोयाची माशी. पण जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकट्या राहतात. त्यांना राणी नाही, पोळं नाही, मधही नाही. एकेक मादी जमिनीत बीळ करते, नाहीतर वाळक्या काडीत किंवा मातीच्या भिंतीत घर करते, परागाचा गोळा ठेवते, अंडं घालते आणि भोक बुजवून निघून जाते.

आता भरताच्या वांग्याकडे या. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, थंडीत घराघरात भरीत-पुरी होते, पण त्या वांग्याच्या फुलात काय चालतं ते फारसं कुणी पाहत नाही. वांग्याचा पराग उघड्यावर नसतो. तो पिवळ्या नळ्यांत बंद असतो आणि नळीच्या टोकाला बारीक भोक असतं. निळ्या पट्ट्यांची एक रानमाशी आणि काळा भुंगा फुलाला गच्च धरतात, पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात, आणि मीठदाणीतून मीठ पडावं तसा पराग खाली झडतो. त्या वेळी आवाजही बदलतो. जवळ उभं राहिलं तर ऐकू येतो. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. वांगं स्वतःच्या परागावरही धरतं, पण अशी थरथर मिळाली की फळधारणा सुधारते. टाकळा आणि तरवड यांची फुलंही याच पद्धतीची. म्हणजे तुमच्या ओपन स्पेसमधला टाकळा त्याच माश्यांना पोसतो, ज्या पलीकडच्या परसातल्या वांग्यावर जातात.

गिलकी, दोडकी, कारली, भोपळा यांचं तर कीटकांशिवाय अडतंच. नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं. पराग कुणीतरी उचलून न्यायला हवा. वेल भरभरून फुलतो आणि कोवळी फळं पिवळी पडून गळतात, अशी तक्रार असेल तर खत घालण्याआधी सकाळी फुलांवर कोणी येतंय का, ते बघा.

कोणती जागा निवडावी?

दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन येणारी, पावसाचं पाणी न साचणारी, आणि लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरची. कोपऱ्यात लपलेली जागा घेऊ नका. तिथे महिन्याभरात कचरा पडतो. सुरुवातीला दहा फूट बाय दहा फूट खूप झालं.

एक गोष्ट मात्र बघाच. सगळ्या ओपन स्पेसला पेव्हर ब्लॉक बसवून टाकलेले असतील तर जमिनीत घर करणाऱ्या माशीला दारच उरत नाही. पूर्वी धाब्याची मातीची घरं होती, त्यांच्या भिंतीतही या माश्या राहायच्या. आता हातभर उघडी, न खणलेली, कडक माती वाफ्याशेजारी मुद्दाम तशीच सोडावी लागते.

परवानगी लागते का?

लागते. ओपन स्पेस महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या ताब्यात असेल तर अर्ज द्या, पोचीवर आवक क्रमांक घ्या. रिकामा प्लॉट खासगी असेल तर मालकाकडून एका हंगामापुरतं का होईना लेखी घ्या. बांधकाम निघालं की जागा सोडू, हेही त्यात लिहा. सफाईचं काम पाहणाऱ्या मुकादमांना आधी भेटा. कागदावर सगळं मंजूर असतं आणि ऐन फुलोऱ्यात ग्रासकटरवाला येऊन सगळं सपाट करून जातो, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पेरणी कधी करायची?

मृगाचा किंवा त्यानंतरचा दमदार पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की. जूनच्या पहिल्या शिंतोड्यावर पेरू नका. बी फुगतं, ऊन पडतं, आणि मुंग्या ताव मारतात. कपाशीवाल्याला दुबार पेरणीचं दुःख माहीत असतं, तेच इथे.

२० मे हा जागतिक मधमाशी दिवस. त्या दिवशी रोपं लावण्याचा कार्यक्रम करण्याचा उत्साह दरवर्षी कुणाला तरी येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. तो दिवस भाषणाला ठेवा, नाहीतर माश्यांसाठी परळात, म्हणजे मातीच्या पसरट थाळीत, पाणी ठेवायला. रोपांना जूनपर्यंत थांबू द्या.

जमीन कशी तयार करायची? शेणखत किती?

शेणखत नको. युरिया तर नकोच. ऐकायला विचित्र वाटतं, पण सकस जमिनीत गवत माजतं आणि रानफुलं त्याखाली दबतात. हलक्या, मुरमाड जागेत ती उलट चांगली येतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा बाजूपेक्षा थोडा उंच घ्या आणि वरच्या थरात मुरूम किंवा जाड वाळू मिसळा. प्लॅस्टिक आणि बांधकामाचा राडारोडा काढा. फार खोल खणू नका, खाली झोपलेलं गाजरगवताचं बी वर येतं.

बी बारीक असतं, म्हणून कोरड्या वाळूत किंवा चाळलेल्या मातीत कालवून फोका आणि पायानं किंवा फळीनं दाबा. मातीखाली पुरू नका. टाकळ्याचं बी टणक असतं, त्यावर गरम पाणी ओतून रात्रभर ठेवा. गोकर्णाचं बीही रात्रभर भिजवा.

पेरायचं काय काय?

पहिल्या वर्षी पाच-सहा जातींवर थांबा. आमची निवड अशी:

तेरडा, कारण तो हमखास येतो आणि सगळ्यांना आवडतो. टाकळा, वर सांगितलेल्या कारणासाठी. शिवाय छोट्या पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते. रानतुळस किंवा सब्जा, कारण मंजिऱ्या लागल्यावर त्यावर दिवसभर वर्दळ असते. तीळ, कारण बी वाण्याकडेही मिळतं आणि फूल भुंग्याला नेमकं बसतं. विष्णुक्रांता, कडेला, बुटकी आणि निळी. कुर्डू जपून: दिसायला देखणा, पण एका झाडाचं बी इतकं पडतं की पुढच्या वर्षी दुसऱ्या कशाला जागा राहत नाही. वाफ्याला लागून शेत असेल तर कुर्डू नकोच, शेतकरी शिव्या देईल आणि त्याचं बरोबर असेल.

कुंपणाला गोकर्ण सोडा. मागच्या बाजूला एखादी रुई राहू द्या. ‘प्लेन टायगर’ नावाचं नारिंगी फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं, आणि शनिवारी मारुतीला पानांची माळही होते. तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. धोत्रा आणि कळलावी विषारी आहेत. लहान मुलं खेळतात तिथे ती नकोत.

ऑनलाइन ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ची पाकिटं मिळतात. ती चालतील?

नाही घेतलेली बरी. त्यात बहुधा थंड देशांतली, नाहीतर मेक्सिकोकडची फुलं असतात. काही आपल्या उन्हात उगवतच नाहीत, आणि उगवतात ती कधी कधी आवरत नाहीत. पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसनं महाराष्ट्रात कितीतरी डोंगरउतार व्यापले आहेत. फोटो छान येतात, एवढंच.

गाजरगवत आणि घाणेरी?

गाजरगवत फुलायच्या आधी मुळासकट काढा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. त्यानं त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. वाफ्यातलं पहिल्या महिन्याचं खरं काम हेच आहे. घाणेरीवर फुलपाखरं येतात, म्हणून ती ठेवावी असं काहीजण म्हणतात. मधुरस तिच्यात आहे, नाकारत नाही. पण ती पसरून खालचं सगळं मारते, आणि तोच मधुरस देणारी देशी झुडपं आपल्याकडे आहेत. नवी लावू नका.

दिवाळीनंतर सगळं वाळून जातं. लोक म्हणतात, पैसे मातीत गेले.

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि बाहेरून आलेल्या माहितीत याचं उत्तर सापडत नाही. खानदेशात रानफुलांचा वाफा चार महिन्यांचा असतो. जुलैत हिरवा, ऑगस्ट ते ऑक्टोबर भरात, नोव्हेंबरमध्ये बी, आणि मग थेट पुढच्या जूनपर्यंत तपकिरी. हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. बारमाही फुललेला वाफा हवा असेल तर टँकर लागेल, आणि उन्हाळ्यात आपल्या कित्येक वस्त्यांत नळाला पाणी कधी येतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पण माशीला तर बाराही महिने खायला लागतं. त्यामुळे फक्त वाफा करून भागत नाही. त्याच्या आसपास उरलेले आठ महिने सांभाळणारी झाडं-झुडपं हवीत. थंडीत कोरांटी आणि तुळस. त्याच दिवसांत परसातली थोडी कोथिंबीर, मोहरी, बडीशेप न तोडता फुलू द्या. जानेवारीपासून शेवगा आणि काटेसावर. फाल्गुनात पळस आणि पांगारा. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब आणि करंज, मग बहावा, मे-जूनमध्ये चिंच. तरवड आणि रुई जवळजवळ वर्षभर थोडं थोडं देत राहतात. ही झाडं एकदा रुजली की पाणी मागत नाहीत. ज्या कॉलनीत एक मोठा निंब, एक शेवगा आणि तरवडाची रांग आहे, तिथला दहा फुटांचा वाफा दुसरीकडच्या शंभर फुटांपेक्षा जास्त कामाचा, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्यानं सुरुवात करत असाल तर पहिल्या पावसाळ्यात वाफ्याआधी शेवग्याचा छाट रोवा.

वाळलेल्या वाफ्याचं काय करायचं? बी झडू द्या, मग डिसेंबरात वीतभर ठेवून कापा. पोकळ काड्यांत माश्यांची घरं असतात, म्हणून बुडखे राहू द्या. पेटवू नका. आणि कुणी बिडी-सिगारेट टाकेल या हिशेबानं भोवती दोन-तीन फूट पट्टी साफ ठेवा. ही कापलेली कडा पावसाळ्यातही उपयोगी पडते: कडा नीट असली की आतलं रान मुद्दाम ठेवलेलं दिसतं, आणि ‘हाई काय शे भो?’ असं विचारणारे अर्ध्यावर येतात.

साप येतील ना?

साप उंदरांमागे येतात आणि उंदीर कचऱ्यामागे. उष्टं-खरकटं तिथे पडत असेल तर फुलं असोत-नसोत, साप येणार. विटांचे, फरशांचे ढीग जागेत ठेवू नका, वाटेची कडा कापलेली ठेवा, अंधारात बॅटरीशिवाय जाऊ नका. साप दिसलाच तर मारायला न धावता सर्पमित्रांना बोलवा.

डास?

डास साचलेल्या पाण्यात होतात. टायर, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि कूलर तपासा. माश्यांसाठी ठेवलेल्या परळातलं पाणी दर दोन दिवसांनी बदला, आणि त्यात खडे टाका म्हणजे त्या बुडत नाहीत.

आणि माश्या चावल्या तर?

फुलावर बसलेली माशी कामात असते. चिमटीत धरल्याशिवाय सहसा चावत नाही. धोका आग्या मोहोळाचा, तोही पोळ्याजवळ दगड, धूर किंवा फटाके गेले तर. पोळं दिसलं तर अंतर ठेवा. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी तणनिंदणीऐवजी हिशेबाचं काम घ्यावं.

धूरफवारणीची गाडी आली तर?

शक्य असेल तर संध्याकाळी उशिरा, माश्या परतल्यावर यायला सांगा, आणि वाफा चुकवायला सांगा. डेंग्यूची साथ असेल तर फार हुज्जत घालू नये. स्वतःच्या बागेतली फवारणी मात्र आपल्या हातात आहे. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर ती फुलपाखराची आहे, किडीचं औषध काढू नका. २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान मिळाला ते ब्ल्यू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं.

मग एक-दोन मधपेट्याही ठेवू या का?

दहा फुटांच्या वाफ्यावर पेटी म्हणजे चार जणांच्या स्वयंपाकावर वरात बोलावणं. हजारो माश्या येतात आणि रानमाश्यांच्या तोंडचा घास जातो. मधपालन शिकायचंच असेल तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत रीतसर शिका. तो वेगळा उद्योग आहे.

यानं मनाला बरं वाटतं, असं म्हणतात. खरंच?

थोडं खरं आहे, आणि जेवढं आहे तेवढंच सांगायला हवं. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक प्लॉट घेऊन प्रयोग झाला. काही प्लॉट साफ करून तिथे हिरवळ आणि थोडी झाडं लावली, काहींतला फक्त कचरा काढला, काही तसेच सोडले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: हिरवळ केलेल्या प्लॉटजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसता कचरा उचलल्यानं तसा फरक दिसला नाही. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला एकूण दोन तास निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त सांगत होते. त्यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे मात्र ठरत नाही.

आमच्याकडचं निरीक्षण साधं आहे. निवृत्त झालेले नाना आणि नुकती लग्न होऊन आलेली सून एरवी बोलणार कशाला? वाफ्यापाशी बोलतात, कारण विषय असतो. उन्हाळ्यात मात्र सकाळी आठनंतर कुणालाही कामाला लावू नका. आणि हे औषध नाही. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

लोक टिकून कसे राहतील?

समिती, अध्यक्ष, उपाध्यक्ष असलं काही सुरुवातीला करू नका. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ पुरते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते, आणि वाफाही तेव्हाच भरात असतो. मुलींना गाणी म्हणायला तिथेच बोलवा, खिरापत तिथेच ओळखू द्या. रानफुलांची माहिती आजीबाईंकडे असते आणि त्या बहुधा अहिराणीत सांगतात. ती नावं जशीच्या तशी पाटीवर लिहा.

फ्लॅटमध्ये राहतो. गॅलरीत काय करू?

एका कुंडीत तुळस-सब्जा, मंजिऱ्या न खुडता. एका कुंडीत घोळ. फुलं सकाळी उमलतात, आणि एका जातीच्या फुलपाखराच्या अळ्या त्यावर वाढतात. पश्चिमेची गॅलरी असेल तर एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी बांधा.

नोंद ठेवायची का?

ठेवली तर चांगलं. आठवड्यातून एकदा, सकाळी, दहा मिनिटं एका जागी उभं राहून कोण कोण फुलावर आलं ते वहीत लिहायचं. नावं येत नसतील तर ‘निळ्या पट्ट्यांची’, ‘मोठी काळी’ असंही चालतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमची वही त्यांना द्या. ओळख पटत नसेल तर कॉलेजातल्या बॉटनीच्या सर-मॅडमना फोटो दाखवा.

बी कुठून आणायचं?

आपल्याच परिसरातून, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, रस्त्याच्या कडेवरून आणि पडीक जागांवरून. एका ठिकाणचं सगळं ओरबाडू नका. दहा झाडांतल्या दोन-तीन झाडांचंच घ्या. यावल किंवा अनेर अभयारण्यातून काहीही आणायचं नाही, तो गुन्हा आहे. तेरड्याची बोंडं हात लावताच फुटतात, म्हणून ती पिवळसर होताच खाली कापड धरून तोडावी. टाकळ्याच्या शेंगा तपकिरी झाल्यावर पहाटे दवात काढल्या तर तडकत नाहीत. सगळं बी सावलीत वाळवून, थोडी राख मिसळून, कागदी पाकिटांत भरा आणि त्यावर नाव, जागा, महिना लिहा. पाकिटं पत्र्याच्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. पुढचं काम मृगाला.